वेग मोजणारे कॅमेरे: गोव्यातल्या चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात मी बरीच वर्षं गाडी शिकवतो. क्लच सुटायला लागला, लायसन्स हातात आलं की पोरं सुटतात आपल्या वाटेने. परत भेटतात ती मोबाईलवरचं वेगाचं चलान पुढे करून. "सर, तिथे पोलीस नव्हताच, मग मला धरलं कुणी?" पोरांच्या मागोमाग त्यांचे आईवडीलही तेच विचारतात, टॅक्सीवाले विचारतात, गाड्या भाड्याने देणारे विचारतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं. कलमं लागतील तिथे दिली आहेत, पण माझा भर आहे तो यंत्र काय करतं आणि आपल्या रस्त्यांवर त्याचा अर्थ काय, यावर.

रस्त्यात कोणीच अडवलं नाही. मग कॅमेऱ्याला माझा वेग कळला कसा?

नुसत्या फोटोवरून वेग कळत नाही. वेग मोजणारं यंत्र वेगळं असतं. त्याने इशारा दिला की कॅमेरा फोटो काढतो आणि नंबरप्लेट वाचणारी संगणकप्रणाली गाडीचा नंबर ओळखते. ही तिन्ही कामं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की कॅमेऱ्यानेच पकडलं.

वेग मोजायच्या पद्धती मुख्यतः चार आहेत. पहिली रडारची. अनमोड घाटातून बस हॉर्न वाजवत आपल्या दिशेने येते तेव्हा तो आवाज चढा लागतो, आणि बस शेजारून पुढे गेली की तोच हॉर्न एकदम उतरल्यासारखा ऐकू येतो. हॉर्न बदललेला नसतो. बस जवळ येताना लहरी एकमेकींवर दाटतात, लांब जाताना पसरतात. रडार हेच करतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी सोडतं. लहर गाडीवर आपटून परतते तेव्हा तिची वारंवारता किंचित बदललेली असते. २४ गिगाहर्ट्झच्या रडारसमोर गाडी ताशी ७२ किलोमीटरने आली तर हा फरक साधारण ३,२०० हर्ट्झ भरतो. सेकंदाला २४ अब्ज कंपनांच्या मानाने हे काहीच नाही, पण यंत्राला तेवढं पुरतं.

दुसरी पद्धत लेसरची. डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचे बारीक ठोके गाडीवर सोडायचे आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. दीडशे मीटरवरच्या गाडीपर्यंत प्रकाश जाऊन परत येतो तो एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. ७२ च्या वेगातली गाडी पाव-एक सेकंदात पाच मीटर पुढे सरकते, त्यामुळे शेवटचा ठोका पहिल्यापेक्षा थोडा लवकर परततो. अंतर किती कमी झालं आणि किती वेळात, यावरून वेग निघतो.

तिसरी पद्धत जमिनीत पुरलेली. डांबरात तारेची वेटोळी किंवा दाब ओळखणाऱ्या पट्ट्या ठराविक अंतरावर बसवलेल्या असतात. गाडी एकीवरून दुसरीवर किती वेळात गेली, एवढाच हिशेब. चौथी पद्धत सरासरी वेगाची. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण लांबच्या प्रवासाला निघणारे आपले लोक सगळ्यात जास्त तिथे अडकतात.

पोलिसांच्या हातातली स्पीड गन वेगळी असते का?

तत्त्व तेच. गोव्यात वाहतूक पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या दिसतात. त्यांच्याकडची गन बहुधा लेसरची असते. भिंगातून बघितलं की एक ठिपका दिसतो, तो गाडीच्या नंबरप्लेटवर किंवा हेडलाइटवर धरायचा आणि कळ दाबायची. पडद्यावर वेग येतो आणि गाडी किती मीटरवर होती तेही येतं.

लेसरची शलाका फार बारीक असते. तीनशे मीटरवरसुद्धा ती जेमतेम एक मीटरभर पसरते. त्यामुळे "शेजारची गाडी जोरात होती, माझ्यावर आलं" ही तक्रार लेसरच्या बाबतीत सहसा टिकत नाही. रडारची शलाका रुंद असते, तिथे दोन गाड्या शेजारी-शेजारी असतील तर कुठली गाडी मोजली हे फोटोवरून नीट तपासायला हवं.

पोलीस नुसत्या अंदाजाने "तू ऐंशीला होतास" असं म्हणून दंड करू शकतात का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्येच याचं उत्तर आहे. एका साक्षीदाराच्या नुसत्या मतावर जास्त वेगाचा गुन्हा शाबीत होत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने केलेल्या मोजणीवर आधारलेलं असावं लागतं.

यंत्र चुकत नाही कशावरून?

शंका रास्त आहे. किराणा दुकानातला काटा दर वर्षी तपासून त्यावर मोहर मारतात, मग ज्याच्या आकड्यावर माणसाला दंड होतो त्या यंत्राला मोहर नको? केंद्र सरकारने वैधमापन नियमांत यासाठी खास तरतूद केली. १ जुलै २०२५ पासून वेग मोजणारी रडार उपकरणं तपासून, मोहर मारूनच वापरायची आहेत. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. दंड करणाऱ्याचं माप खरं असेल तरच चालकाने तो दंड मुकाट्याने भरावा.

आणखी एक गोष्ट चालकाच्या बाजूची आहे. यंत्र रस्त्याच्या कडेला असतं, म्हणजे गाडीकडे ते थोडं तिरकं बघतं. या तिरकेपणामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. वीस अंशांचा कोन असेल आणि तो हिशेबात धरलेला नसेल, तर ८० च्या गाडीला ७५ दिसतील.

माझ्या स्पीडोमीटरवर ६५ दिसत होते आणि चलानात ६१ लिहिलंय. हे कसं?

तुमचा काटा थोडं वाढवून दाखवतो. तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालतं, तेही दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. म्हणजे खरा वेग ६० असेल तर काटा ६० ते ७० मध्ये कुठेही असू शकतो. यंत्राचा आकडा काट्यापेक्षा कमी आला तर ते बरोबरच आहे. उलट झालं, म्हणजे काटा ५५ दाखवतोय आणि यंत्राला ६१ दिसले, तर टायरचा आकार बदलून घेतलाय का ते आधी बघा. मोठे टायर बसवले की काटा खोटं बोलायला लागतो.

गोव्यात हे कॅमेरे आहेत तरी कुठे?

गोव्यात एक्स्प्रेसवे एकही नाही. आपले मोठे रस्ते म्हणजे पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६, पणजीहून फोंडा-अनमोडमार्गे बेळगावकडे जाणारा ७४८, आणि वेर्ण्याहून मुरगावकडे उतरणारा ५६६. यांतले काही पट्टे आता चौपदरी, आठपदरी झाले आहेत. २०१९ साली अटल सेतू सुरू झाला, डिसेंबर २०२२ मध्ये नव्या जुवारी पुलाच्या पहिल्या चार मार्गिका उघडल्या. रस्ता रुंद आणि सरळ दिसला की पाय आपोआप दाबला जातो, म्हणून इंटरसेप्टर गाड्याही अशाच पट्ट्यांवर जास्त दिसतात.

चौकांतल्या कॅमेऱ्यांचं काम थोडं वेगळं आहे. २०२३ मध्ये मेरशीच्या चौकात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सिग्नल यंत्रणा आली. तिथे लाल दिवा तोडणं, थांबरेषा ओलांडणं, बिनहेल्मेट जाणं हेही टिपलं जातं. "मी तर हळू होतो" असं म्हणत चलान घेऊन येणारे बरेच जण हेल्मेटचं चलान वेगाचं समजून येतात. चलानावर कलम काय लिहिलंय ते आधी वाचा.

वेगमर्यादा नक्की किती आहे?

केंद्राने २०१८ साली काढलेल्या अधिसूचनेत कमाल मर्यादा अशा होत्या: मोटारीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, नगरपालिका हद्दीत आणि इतर रस्त्यांवर ७०. दुचाकीला चौपदरीवर ८०, बाकी ठिकाणी ६०. रिक्षाला सगळीकडे ५०.

पण हे आकडे तोंडपाठ करून गाडी चालवू नका. कलम ११२ नुसार राज्य सरकार ठराविक रस्त्यावर, पुलावर, वळणावर मर्यादा कमी करू शकतं आणि तसा फलक लावतं. तुमच्यासमोर तो लाल वर्तुळातला आकडा आला की तोच खरा. शाळेजवळ, बाजाराजवळ, घाटात तो फार खाली येतो. आणि अटल सेतूवर दुचाकी नेऊच नका, तिथे दुचाकी-तिचाकीला बंदी आहे.

दंड किती बसतो?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम किंवा अवजड प्रवासी आणि मालवाहू वाहनाला २,००० ते ४,००० रुपये. गोव्यात हे वाढीव दंड १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स जप्त होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने तर २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की मर्यादा तोडणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. टॅक्सी चालवून घर चालवणाऱ्याला दंडापेक्षा हे तीन महिने जड जातात.

फोटोत नंबरप्लेट दिसली नाही तर सुटका होते का?

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं चलान मी बघितलं होतं. दिवाळी जवळ आली होती आणि गाडीच्या बंपरवर दसऱ्याची झेंडूची माळ तशीच लटकत होती, सुकून तपकिरी झालेली. तिची एक लड बरोबर नंबरप्लेटवर आली होती आणि शेवटचा आकडा अर्धा झाकला होता. यंत्राला ३ की ८ कळेना. फोटोत गाडीचा रंग, मॉडेल, मागच्या काचेवरचा स्टिकर इतकं स्वच्छ होतं की माणसाने बघून नंबर पक्का केला. वडील मला म्हणाले, "माळ देवाच्या नावाने बांधली, काढायला हात होईना." त्यांना मी सांगितलं तेच इथे लिहितो: माळ वर, जाळीला बांधा. प्लेट मोकळी ठेवा.

आपल्याकडे पावसात आणखी एक होतं. डिचोली, साखळी, सांगे या बाजूला फिरणाऱ्या गाड्यांच्या प्लेटवर तांबड्या चिखलाचा थर बसतो. हा थर पुसायची जबाबदारी चालकाची आहे. नंबर मुद्दाम झाकणं, वळणदार अक्षरांत लिहून घेणं, आकडे खरवडणं हा वेगळा गुन्हा होतो आणि त्याचा वेगळा दंड. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी प्लेट येते. तिचा पृष्ठभाग प्रकाश सरळ मागे फेकतो, त्यामुळे काळोख्या रात्री कॅमेऱ्याच्या न दिसणाऱ्या प्रकाशातही नंबर लख्ख उमटतो.

चलान किती दिवसांत आलं पाहिजे, आणि त्यात काय असायला हवं?

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्याप्रमाणे गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची असते. तिच्यात गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने केलेली मोजणी, तारीख-वेळ-ठिकाण आणि कुठलं कलम मोडलं हे असावं लागतं. उपकरणाला मंजुरीचं प्रमाणपत्र असावं लागतं, आणि कॅमेऱ्याची नजर आहे असा फलक लोकांना दिसेल असा लावावा लागतो. चलानाचा निकाल लागेपर्यंत पुरावा जपून ठेवायचा असतो.

मेसेज आला नाही म्हणून चलान नाही असं मात्र समजू नका. बऱ्याच जणांच्या गाडीच्या कागदपत्रांवर जुना मोबाईल नंबर असतो, कुणाचा तर गाडी विकणाऱ्या डीलरचाच असतो. गाडी विकायला काढली की मग एकदम चार चलानं बाहेर येतात आणि मालकी बदल अडतो. परिवहनच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून महिन्यातून एकदा बघत जा, आणि मोबाईल नंबर अद्ययावत करून घ्या.

गाडी माझ्या नावावर आहे, पण चालवत भाचा होता. चलान कुणाचं?

सूचना मालकाच्या नावाने येते. कलम १३३ प्रमाणे त्या वेळी चालक कोण होता हे सांगणं मालकावर बंधनकारक आहे. तुम्ही सांगितलंत तर जबाबदारी चालकाची. गप्प बसलात तर तुमची.

भाचा अठरा वर्षांखालचा असेल तर मात्र गोष्ट गंभीर आहे, आणि इथे मी विद्यार्थ्यांच्या पालकांशी जरा कडक बोलतो. कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. "दहावीला चांगले मार्क पडले म्हणून स्कूटर दिली" हे मी ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. बक्षीस द्यायचंच असेल तर दोन वर्षं थांबून द्या.

मी पर्यटकांना दुचाकी भाड्याने देतो. त्यांची चलानं माझ्या माथी येतात. काय करू?

काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असलेली परवानाधारक गाडी असेल तर भाड्याच्या करारात चालकाचं नाव, लायसन्सचा फोटो, गाडी दिल्याची आणि परत घेतल्याची नेमकी वेळ लिहून सही घ्या. कलम १३३ खाली माहिती द्यायला हेच कामाला येतं. वेळ लिहिलेली नसेल तर सकाळचा गिऱ्हाईक आणि दुपारचा गिऱ्हाईक यांत तुम्हीच अडकता. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने देत असाल तर ते मुळातच बेकायदा आहे. तिथे चलान ही तुमची सगळ्यात लहान अडचण ठरेल.

समोरून येणारा डिपर मारून सावध करतो. मी पण मारतो. चांगलंच करतो ना?

मनाने चांगलं करता, पण होतं काय ते सांगतो. डिपर बघितलेला माणूस तीनशे मीटर हळू जातो, पोलिसांची गाडी मागे पडली की पुन्हा सुसाट. एकदम ब्रेक, मग एकदम वेग, यात मागच्याची तारांबळ उडते. पुढे गाय बसली आहे, झाड पडलंय, अपघात झालाय, यासाठी डिपर जरूर मारा.

स्पीड गन ओळखून वाजणारं यंत्र गाडीत लावून बचाव होतो का, असंही पोरं विचारतात. लेसरचं माप पाव-एक सेकंदात पुरं होतं. तुमचं यंत्र वाजतं तेव्हा आकडा आधीच पडद्यावर गेलेला असतो.

मुसळधार पावसात कॅमेरा चालतो का?

रडारला पावसाचा फारसा त्रास होत नाही. लेसरचा प्रकाश थेंबांवर विखुरतो, त्यामुळे त्याचा पल्ला कमी होतो आणि कित्येकदा मापच मिळत नाही. चुकीचं माप देण्यापेक्षा यंत्र नकार देतं. म्हणजे आषाढात कॅमेरा थोडा मंदावतो, पण त्याच दिवसांत तुमचे ब्रेक त्याहून जास्त मंदावतात. पुढे आकडे दिले आहेत ते नीट वाचा.

पुण्या-मुंबईला, बंगळूरुला जाताना एका ठिकाणी हळू केलं तरी चलान आलं. का?

हा सरासरी वेगाचा हिशेब. दोन कमानींवर दोन कॅमेरे असतात, मध्ये समजा दहा किलोमीटर. पहिला तुमचा नंबर आणि वेळ टिपतो, दुसरा पुन्हा टिपतो. मर्यादा १०० असेल तर दहा किलोमीटरला सहा मिनिटं लागायला हवीत. तुम्ही पाच मिनिटांत पोचलात म्हणजे सरासरी १२०. कमानीखाली ब्रेक मारून काहीच उपयोग नाही, कारण मोजलेलं आहे ते मधलं अंतर.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला १०० ची मर्यादा आहे, घाटात ६०. तिथे २०२४ पासून अशी यंत्रणा चालू आहे. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२०. बंगळूरु-म्हैसूर रस्त्यावर १००, आणि कर्नाटकात ऑगस्ट २०२४ पासून १३० च्या वर सापडलात तर दंडावर न भागता थेट गुन्हा नोंदवायचं धोरण आहे. गोव्याच्या नंबरची गाडी आहे म्हणून ही चलानं हरवत नाहीत. ती देशभराच्या एकाच ई-चलान व्यवस्थेतून येतात.

मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात न्याय्य वाटते. एखाद्या क्षणी ओव्हरटेक करताना वेग वाढला म्हणून ती पकडत नाही, सवय पकडते.

भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे. त्याला मोटरवेवरच्या कॅमेऱ्याचं पत्र आलंय. तिकडे वेगळं असतं का?

गोव्यातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी स्विंडनला आहे, म्हणून हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. इंग्लंडमध्ये मोटरवेवर मोटारीला ताशी ७० मैलांची मर्यादा, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर. तिकडचा जुना प्रसिद्ध कॅमेरा गाट्सो. डच रॅलीचालक मॉरिस गाट्सोनिडेस याने तो मुळात स्वतःचा वळणावरचा वेग मोजून सुधारायला बनवला होता. तो गाडीच्या मागून अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढतो, आणि रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या रेघांवरून गाडी किती सरकली ते पडताळता येतं. मला ही रेघांची युक्ती फार आवडते. यंत्रावर विश्वास नसेल तर माणसाने फूटपट्टी घेऊन मोजावं.

पत्र १४ दिवसांत वाहनाच्या नोंदणीकृत व्यक्तीकडे निघतं, आणि चालक कोण होता ते २८ दिवसांत कळवावं लागतं. हे टाळू नका असं भावाला सांगा, उत्तर न देण्याची शिक्षा मूळ गुन्ह्यापेक्षा जड असते. साध्या प्रकरणात १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ गुण. तीन वर्षांत १२ गुण झाले की सहसा लायसन्स जातं. मर्यादा थोडीशीच ओलांडली असेल तर कधी कधी पैसे भरून वेगाबद्दलच्या वर्गाला बसायची मुभा मिळते. मिळाली तर बसावं.

खुद्द स्विंडनच्या नगरपरिषदेने खर्चाच्या कारणावरून २००९ मध्ये आपले खांबावरचे कॅमेरे बंद केले होते. तिकडच्या आपल्या लोकांत "स्विंडनात कॅमेरेच नाहीत" असं पसरलंय ते त्यावरून. पण जवळून जाणारा एम-४ मोटरवे नगरपरिषदेचा नाही.

खाजगी बस एकमेकींशी शर्यत लावतात. त्यांना कोण धरणार?

कलम १८३ मध्ये एक तरतूद आहे ती बसमालकांनाही माहीत नसते. मर्यादा न तोडता पाळताच येणार नाही असं वेळापत्रक मालकाने काढलं किंवा तसा हुकूम दिला, तर चालकाला वेगात चालवायला लावल्याचा तो मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. पुढच्या थांब्यावर मागच्या बसच्या आधी पोचायच्या दबावाखाली गाडी हाकणारा चालक एकटाच दोषी नसतो. प्रवाशाने तक्रार करताना बसचा नंबर, वेळ आणि ठिकाण लिहून द्यावं. डंपर, टँकर आणि स्कूल बस यांना तर ताशी ६० वर अडणारं वेगनियंत्रक बसवलेलं असावं लागतं. तुमच्या मुलाची स्कूल बस महामार्गावर त्याहून वेगात दिसली तर शाळेत जाऊन विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आमच्या गावच्या रस्त्यावर कॅमेरा नाही. मग तिथे काय फरक पडतो?

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच प्रश्नावर.

गोव्यात दर वर्षी दोनशेहून जास्त माणसं रस्त्यावर जीव गमावतात, आणि त्यांत दुचाकीवाले सगळ्यात जास्त. कॅमेरा महामार्गावर असतो. पण आपला बहुतेक प्रवास होतो तो चिऱ्याच्या कुंपणांमधून, जिथे वळणापलीकडचं काही दिसत नाही आणि रस्त्याला फूटपाथ नाही. पहाटे तिथे पदेर सायकलवर पावांची टोपली बांधून पोंपों वाजवत येतो. सातला शाळेची पोरं उभी असतात. कुणी देवळात निघालेलं असतं, कुणी चर्चला.

विद्यार्थ्यांना मी मैदानाच्या कडेला नेतो आणि टेप धरून जमिनीवर चुन्याने खुणा करतो. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० ने जाणारी गाडी सुमारे २० मीटरवर थांबते. ६० ने जाणारी थांबते ३६ मीटरवर. पोरांना वाटतं, फरक सोळा मीटरचा. मग मी वीस मीटरच्या खुणेवर एकाला उभं करतो आणि सांगतो: ४० वाली गाडी इथे तुझ्या पायाशी उभी राहिली. ६० वाली इथे पोचली तेव्हा तिचा वेग अजून ५५ आहे, कारण ब्रेक आत्ता कुठे लागतोय. खुणेवर उभा असलेला मुलगा दर वेळी एक पाऊल मागे सरतो. मी त्याला सरायला सांगितलेलं नसतं.

ओल्या रस्त्यावर तेच ३६ मीटर पन्नासच्या पुढे जातात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, आणि मोटारीची धडक बसलेला पादचारी मरण्याची शक्यता ५० वरून ६५ वर गेल्यावर साडेचार पट होते. वाचतो काय? फोंडा ते पणजी सुमारे तीस किलोमीटर. सबंध वाट ६० ऐवजी ८० ने गेलात तर कागदावर साडेसात मिनिटं वाचतात. खऱ्या रस्त्यावर भोम आणि खोर्लीची गर्दी तेवढी मिनिटं परत घेते. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारीच्या पुलावर एक मोटार समोरच्या वाहनांवर आदळली आणि तीन माणसं जागच्या जागी गेली. त्यानंतर कित्येक दिवस माझे विद्यार्थी त्या पुलावर गाडी आली की न सांगता तिसऱ्या गिअरवर यायचे.

चलान चुकीचं आहे असं मला खरंच वाटतं. लढू कसं?

आधी पैसे भरू नका. दंड भरला म्हणजे प्रकरण मिटलं, मग तक्रार राहत नाही. संकेतस्थळावरून चलान आणि फोटो उतरवून घ्या. गाडी तुमचीच आहे का, की नंबर वाचण्यात चूक झाली, ते बघा. तारीख-वेळ जुळते का? तिथे कुठला फलक आहे? जाऊन त्याचा फोटो काढा, झाडाच्या फांदीमागे लपला असेल तर तोही काढा. मग संकेतस्थळावरच्या तक्रारीच्या पर्यायातून किंवा वाहतूक पोलीस कक्षात लेखी द्या आणि पोच घ्या. यंत्राच्या तपासणीच्या प्रमाणपत्राची मागणी त्याच अर्जात करा. प्रकरण न्यायालयात गेलं असेल तर तिथे म्हणणं मांडता येतं, आणि लोकअदालतीतही बरीच चलानं तडजोडीने निघतात.

व्हॉट्सॲपवर "तुमचं चलान आहे, ही फाईल उघडा" असा मेसेज आलाय. उघडू?

नाही. खरं चलान एपीके फाईल (मोबाईलवर ॲप बसवणारी फाईल) म्हणून कधीच येत नाही. ती फाईल उघडली की तुमच्या मोबाईलवर येणारे बँकेचे ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. आलेल्या लिंकवर बोट न ठेवता ब्राउझरमध्ये परिवहनचं संकेतस्थळ स्वतः उघडा, गाडीचा नंबर टाका. चलान असेल तर तिथे दिसेलच. आणि चुकून फाईल उघडली गेलीच तर मोबाईलचं इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, आणि आपल्या बँकेला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त.